निळ्या काचेतली रात्र

भुताखेतांवर संघदीपचा काडीचाही विश्वास नव्हता. भुतांच्या जुन्या सिनेमांवर मात्र त्याचा भारी जीव. लहानपणी व्हिडिओवर पाहिलेली पांढरी साडी, हातातला कंदील, ती निळी निळी रात्र. आता रिठदला स्वतःचा सिनेमा करतानाही स्वारीला हुबेहूब तेच हवं होतं. रात्री चित्रीकरण करायचं तर त्याच्या मनातही येत नव्हतं. जुने लोक भर दुपारी लेन्सपुढे निळी काच लावून रात्र करायचे. मग यानेही तशीच काच मिळवली.

भूत झाली होती त्याची बायको, सपना. सोयाबीन काढलेल्या मोकळ्या वावरातून विहिरीपर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच तिचं काम. हातात बिनतेलाचा कंदील. उजेड नंतर कॉम्प्युटरवर टाकायचा होता.

पहिला शॉट संपवून सपना कपाळावरचा घाम पुसत आली.

"माह्या मांगं कोन चालून राह्यलं होतं?"

"कोनी नाही. आपन दोघंच तं आहो इथं."

त्याने शॉट पुन्हा लावला. निळ्या काळोखात सपनाच्या मागे, थोड्या अंतरावर, एक पेटलेला कंदील चालत होता. धरणारं कुणी दिसत नव्हतं. संघदीपच्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि वाईट हे, की त्याला लोभही सुटला. असा शॉट त्याच्या लाडक्या सिनेमांतही नव्हता.

"अजून एक डाव जा."

"मले भेव लागून राह्यलं. घरी चाला."

"हा आखरी. मंग घरी."

तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि कंदील उचलला.

या वेळी त्याची नजर कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरच होती. सपना विहिरीशी पोचली. मागचा कंदील तिच्या पाठीशी येऊन थांबला.

मग तिच्या हातातलाही पेटला.

"सपना! वापस ये!"

त्याने मान वर केली. लख्ख ऊन. सपना सावकाश त्याच्याकडेच येत होती. त्याचा जीव भांड्यात पडला. तिने कंदील त्याच्या हातात दिला. कंदिलाची काच चटका बसेल इतकी तापली होती.

उन्हाने तापली असेल, असं म्हणत तो कॅमेऱ्याकडे वळला.

स्क्रीनवर रात्र होती. विहिरीजवळ सपना उभी होती. दोन्ही हात हलवत, त्याच्याकडे पाहून ओरडत होती. आवाज येत नव्हता.

"बंद करा ना ते आता," मागून सपना म्हणाली.

स्क्रीनच्या कोपऱ्यात बॅटरीची लाल खूण लुकलुकायला लागली होती.