दोन भोवरे

केमोच्या खोलीत शिरण्याआधी ती आपले हात गरम पाण्याखाली धरायची. गार बोटांनी चाचपलं की पेशंटची शीर दडून बसते. खोली तशी साधीच होती. खिडकीकडेला मागे रेलता येणाऱ्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी एक पंप आणि वर उजेड लागू नये म्हणून काळ्या आवरणात गुंडाळलेली औषधाची पिशवी. दुपारचं ऊन पडद्यातून गाळून यायचं. पंपांची टिकटिक अशी चालायची की बाहेरच्याला वाटावं, आत कुणीतरी निवांत विणत बसलंय.

"आली बघा मधमाशी," मास्तर म्हणायचे. "आज कुठल्या फुलावर बसणार म्हणे?"

मास्तर गणित शिकवून निवृत्त झालेले. हे नाव त्यांनीच ठेवलं आणि ते सगळ्या विभागाला असं चिकटलं की मोठे डॉक्टरसुद्धा तिला सिस्टर म्हणायचं विसरून गेले. मास्तरांच्या शेजारी शिंपीणबाई, सलाईन चालू असतानाही कुणाच्या तरी बाहीला काज करत बसलेली. आणि अगदी कडेच्या खुर्चीत मधमाशीची आई.

आईच्या शिरा दुसऱ्या कुणाच्या हाती लागत नसत, म्हणून लेकीलाच टोचावं लागे. आईला बोलता बोलता ओळी जुळवायची खोड होती. दूध उतू गेलं, वीज गेली, जावई रुसला, कशावरही. सुई आत जाताना डोळे घट्ट मिटून ती म्हणायची,

"सुई गं सुई बाई, हळू हळू आत जावं,
लेकीनंच टोचलं तर आईनं कुणाला सांगावं?"

सगळी खोली हसायची. मधमाशीही हसायची, आणि पट्टी चिकटवायची.

औषध नवं होतं, अजून चाचणीत होतं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी माणसं दोन खोल्यांत वाटली गेली होती. समोरच्या खोलीत जुनं औषध, या खोलीत नवं. गाठ किती आकसली आणि माणूस जिवंत आहे का, एवढंच मोजायचं होतं. समोरच्या खोलीतल्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत गेल्या. या खोलीतल्या गाठी मात्र पाण्यात टाकलेल्या मिठाच्या खड्यासारख्या विरघळत होत्या. आईचा पहिला स्कॅन पाहून मधमाशी जिन्यात जाऊन रडली होती, आनंदानं.

केस गळले, ते गळणारच होते. पण केस परत येतात ते औषध संपल्यावर. इथं पिशवी टांगलेली असतानाच ते यायला लागले.

सगळ्यात आधी आले ते मास्तरांना, ज्यांना निम्मं आयुष्य टक्कल होतं.

"बायको म्हणते, आता तरी लग्नातले फोटो पुन्हा काढू," मास्तर डोक्यावरून हात फिरवत म्हणाले. त्यांचं काळंभोर मऊ जावळ सगळ्यांनी कौतुकानं चाचपून पाहिलं. मग शिंपीणबाईला आलं. मग आईला, जिचे केस मधमाशीला आठवतात तेव्हापासून पांढरे आणि राठ होते. तिघांचंही एकच. काळं, मऊ, आणि डोक्यावर दोन भोवरे. एक माथ्यावर, एक कपाळाच्या डाव्या बाजूला.

"दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं!" शिंपीणबाई खिदळली. "एकच नवरा आयुष्यभर पुरून उरला, आता दुसरा कुठून आणू गं?"

त्या दिवशी सगळे हसले. केमोनंतर केस बदलून येतात, कुरळ्याचे सरळ होतात, हे मधमाशीला माहीत होतं. तिनं तशी स्वतःची समजूत घातली. पण पुढच्या खेपेला तिनं वाकून आणखी एका डोक्याकडे पाहिलं, मग आणखी एका. भोवरे दोनच, जागाही त्याच. आणि प्रत्येक डोक्याला करपलेल्या दुधाचा वास.

हळूहळू खोली शांत होत गेली. शिंपीणबाई काज करायची थांबली. हात मांडीवर एकावर एक ठेवून ती समोर बघत बसायची. मास्तरही तसेच, आणि डावा हात वर, उजवा खाली, हेही तसंच. एकदा औषध लावताना मधमाशीनं मास्तरांना गुणगुणताना ऐकलं,

"नीज गं बाई नीज, दार मी लावून घेते..."

"हे काय मास्तर, अंगाई? नातवंड येणार वाटतं?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. कुणी रस्ता विचारला की अनोळखी माणूस पाहतो, तसं. मग म्हणाले, "कोण गात होतं?"

शिंपीणबाई त्या दिवशी आली नव्हती, ती दुसऱ्या दिवशी आली. तिची पट्टी काढताना मधमाशीच्या कानाशी ती हलकेच गुणगुणली,

"आतली बाहेर गेली, बाहेरची आत येते."

चाल तीच होती.

मधमाशी मोठ्या डॉक्टरांकडे गेली. ते हल्ली खोलीत येत नव्हते. दारातल्या काचेतून हात करायचे आणि पुढं जायचे. आतून सगळे हात करायचे, एकदमच, आणि एकदमच खाली घ्यायचे.

"केस बदलतात. विसरायला होतं. तुला नवीन आहे का हे?" डॉक्टर म्हणाले.

"औषध चालू असताना केस येतात, सर? सगळ्यांना सारखेच?"

ते बराच वेळ पेनचं टोपण उघडत आणि लावत राहिले. "आपण गाठ मोजतो, मधमाशी. केस नाही मोजत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी हे थांबवलं, तर समोरच्या खोलीत काय होतंय ते तू पाहिलंयस. तुझी आई कुठल्या खोलीत बसावी असं वाटतं तुला?"

तिनं खोलीत जाऊन पुढची पिशवी टांगली.

त्या रविवारी दुपारी ती आईचे केस विंचरत होती. आता ते मानेपर्यंत आले होते. फणी कशी अलगद खाली जायची. पूर्वी आई विंचरताना ओरडायची, शिव्या घालायची. आता गप्प होती.

"आई, एखादी ओळ जुळव की. कंटाळा आला."

आईनं तोंड उघडलं. बराच वेळ उघडंच राहिलं. मग ती भराभर, दबक्या आवाजात बोलायला लागली, कुणी ऐकेल अशा भीतीनं.

"ऐक, आता आहे मी, तोवर ऐक. माझ्या आत कुणीतरी आवराआवर करतंय गं. वाईट नाहीये ती. नीटनेटकी आहे. पण माझ्या वस्तू उचलून दाराबाहेर ठेवते. माझ्या ओळी ठेवल्या. काल तुझ्या बाबांचा चेहरा ठेवला. मला नाक आठवतं त्यांचं, बाकी काही नाही."

"केमोनं होतं असं, आई. आम्ही पेशंटला सांगतो ना..."

"पेशंटला सांग. मी तुझी आई आहे." आईनं तिचं मनगट धरलं. बोटं थंडगार होती. "ती अंगाई तिची आहे. जुळणी बरी आहे मेलीची, पण माझी नाही. मी अशी जुळवत नाही. हे औषध बंद कर."

"बंद केलं तर गाठ परत येईल."

"येऊ दे. ती माझी तरी होती."

फणी मधमाशीच्या हातात तशीच राहिली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आईची पकड सैल झाली, हात मांडीवर आले. डावा वर, उजवा खाली. मग तिनं मागं वळून गोड हसून म्हटलं, "झालं का विंचरून?"

चाचणीचा एक नियम मधमाशी प्रत्येक पेशंटला पहिल्याच दिवशी समजावून सांगायची. तुम्ही कधीही बाहेर पडू शकता. कारण सांगायची गरज नाही. नुसतं तोंडानं म्हटलं तरी पुरे.

पुढच्या खेपेला आई खुर्चीत बसली आणि तिनं स्वतःच बाही वर केली. शीर फुगून वर आलेली, निळी, टपोरी. शोधावी लागली नाही.

मधमाशी तिच्यासमोर गुडघ्यावर बसली.

"आई, मी नियमानं विचारते. तुला यातून बाहेर पडायचंय का? हो म्हण. एकदाच म्हण. पिशवी मी परत पाठवते, डॉक्टरांशी मी बोलते."

आई तिच्याकडे पाहत राहिली. डोळ्यांच्या तळाशी काहीतरी हललं. ओठ थरथरले, 'हो' म्हणताना होतो तसा त्यांचा गोल झाला.

मग तो गोल मिटला.

"नाही," ती म्हणाली. "मला राहायचंय."

"राहायचंय," शेजारून मास्तर म्हणाले.

"राहायचंय," पलीकडून कुणीतरी म्हणालं.

पंप टिकटिकत होते. मधमाशीच्या हातातली पिशवी गार होती, आणि जड. आईनं रविवारी जे सांगितलं ते फक्त तिलाच माहीत होतं. आता इथं सर्वांदेखत जे सांगितलं, ते सगळ्यांनी ऐकलं होतं. तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं. तेच गाल, तोच हनुवटीवरचा तीळ, तोच श्वास आत-बाहेर होणारा. श्वास चालू होता. समोरच्या खोलीत कुणीतरी आणखी एका रिकाम्या खुर्चीवरची चादर काढत होतं.

तिनं सुई घातली. कुणी ओळ म्हटली नाही.

तिनं नळी जोडली. पंप चालू केला.

पहिला थेंब पडला. दुसरा.

काचेतून मोठ्या डॉक्टरांनी भुवया उंचावून विचारलं. तिनं मान हलवली. ठीक आहे. राहायचं म्हणाली.

ती स्टूल ओढून आईजवळ बसली आणि तिचा हात हातात घेतला. तो आता ऊबदार होता. बऱ्याच वेळानं आईनं तिच्याकडे वळून पाहिलं, मायेनं, जरा संकोचून.

"एक विचारू का हो सिस्टर?" ती म्हणाली. "तुमच्या आई... गेल्या का?"

उत्तराची वाट न पाहता तिनं पाय लांब केले, आणि खुर्चीत ऐसपैस बसली.