नेऱ्याच्या ट्रकची उंची

काशीराम मिस्त्रीच्या गॅरेजपुढचा चढ आनंदा पहिल्यांदा चढला तो उलटा. आधी ट्रकची पाठ आली, मग खिडकीतून बाहेर काढलेलं, मागे वळलेलं एक डोकं. दारात रॉकेलमध्ये नटबोल्ट धूत बसलेल्या सत्यवतीला आधी ते डोकं दिसलं, नंतर त्यातले डोळे.

"असे पाठमोरे का आलात?"

"फस्टमधी चढत नाय. रिवसमधी चढतो. नेऱ्यापासून सगले चढ असंच चढलो."

"आणि उतार?"

"उतार सरल. तेवढी अक्कल हाय."

सत्यवती हसली नाही. हसण्यासाठी ती आत जाऊन आली.

लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेला तो ट्रक. नेऱ्याच्या ओढ्यातले धोंडे त्याच्या पोटाला लागत, म्हणून आनंदाने कमानपाट्यांखाली सागवानी ठोकळे घालून तो सहा इंच उचलला होता. वर, उंचीला शोभावीत म्हणून, मोठाली चाकं.

"चाकं वाढवलीत आणि मागचे गियर तेच ठेवलेत," ती म्हणाली. "इंजिनाने ओढायचं कसं? ठोकळे काढा, दोन पाटे जास्तीचे घाला. चार इंच पुरे. सहावर वळणात लवंडाल. आणि गियर बदला."

"गियर बदलले की गाडी मंद होल."

"होईल. पण तोंडाने पुढे जाईल."

शेजारच्या मोटारीखालून दोन पाय बाहेर आले होते. ते काशीराम मिस्त्री, सत्यवतीचा बाप. लष्करी वर्कशॉपात शिकलेला हा माणूस दिवसभर गाडीखाली असे आणि वरचं सगळं ऐकत असे.

"पोरगी बरोबर बोलते," पाय म्हणाले.

"इचार करून सांगतो," आनंदा म्हणाला.

विचाराला त्याने अकरा दिवस घेतले, आणि तो रोज इथेच येऊन केला. कधी पाटे किती जाड असावेत हे विचारायला, कधी कालचं उत्तर विसरलो म्हणून. पाचव्या दिवशी त्याने काकड्या आणल्या. सातव्या दिवशी भादव्यातली एक सर आली आणि दोघं पत्र्याखाली उभे राहिले – जरा जवळच. पत्रा खरं तर चांगला वीस फुटी होता.

"तुमच्या केसांना राकेलचा वास येतो," तो म्हणाला.

"मग लांब उभे राहा."

"वास वाईट हाय, असं कुठं बोललो?"

बाराव्या दिवशी सत्यवतीने नटबोल्टांकडे बघत सांगितलं, "शुक्रवारी मोऱ्याहून मंडळी येणार आहेत. मला बघायला. मुलगा लाँचवर तांडेल आहे. घाईचा माणूस आहे म्हणे."

"तुमी... हो बोलणार?"

"दुसऱ्या कोणी विचारलंच नाही, तर काय बोलणार?"

 आनंदा मोटारीखाली वाकून म्हणाला, "मिस्त्री, ठोकले काढा. गियर बदला."

काम गुरुवारी दुपारी झालं. आनंदा ट्रक चालवून बघायला म्हणून गेला तो तासाभराने आला. डाव्या दाराखाली लोहाराने ठोकलेली नवी कोरी पायरी लोंबत होती.

"ही कुणाला?" सत्यवतीने विचारलं.

"लुगड्यात चढाया... बरी पडंल."

"तुमच्या आईला?"

"आई ट्रकला भिते. बैलगाडीनंच जाते."

"मग?"

त्याने हातातला फडका पिळला. तो कोरडाच होता. "तुमी बसाल? म्हंजे – आज फेरी माराया नाय. कायमच्या."

मोटारीखाली पान्याचा आवाज थांबला. मग काशीराम मिस्त्री पायांपासून डोक्यापर्यंत सबंध बाहेर आला, तोही भर दुपारी. त्याने पायरी बोटांनी मापली.

"चार बोटं उंच झालीय. हिला पोचायची नाही. उद्या खाली घेऊ."

"उद्या शुक्रवार," सत्यवती पुटपुटली.

"हो. म्हणजे मोऱ्याला आजच जाऊन 'नाही' म्हणून सांगायला हवं." तो आनंदाकडे वळला. "जाते का रे गाडी तिकडे?"

"जाते की!"

सत्यवतीने लुगडं सावरलं, दाराला धरलं आणि एका दमात पायरी गाठून वर बसली.

"तू कुठे? सांगायला मी जातो. उतर."

ती उतरली नाही. तेव्हा काशीराम मिस्त्रीही चढला, आणि मोऱ्यापर्यंत दोघांच्या बरोबर मधोमध बसून गेला.