रस्त्यापलीकडचा नवरा आणि माझी शून्य वजावट

“हॅलोरन,” टेबलामागच्या बाईंनी हाक मारली आणि वाचनालयाच्या त्या खोलीत दोन माणसं एकदम उठून उभी राहिली. एक मी. दुसरा एल्डन हॅलोरन — माझा नवरा. अकरा महिन्यांत त्याचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि आता पाहिलं ते एप्रिलच्या भुरभुर पावसात भिजलेलं, केस कपाळाला चिकटलेले. किती राग आला म्हणून सांगू… इतकं देखणं दिसायचा त्याला काय अधिकार होता?

आमच्या कॅन्सस सिटीच्या मधून स्टेट लाइन नावाचा रस्ता जातो. रस्त्याच्या अलीकडची घरं मिसूरी राज्यात, पलीकडची कॅन्ससमध्ये. मी शहराच्या पाणीखात्यात आहे आणि नोकरीची अट अशी की राहायचं अलीकडेच, शहराच्या हद्दीत. एल्डन पलीकडच्या शाळेत संगीत शिकवतो, राहतोही तिकडेच, आणि त्याचा पियानो माझ्या दोन खोल्यांच्या जिन्यातून वर चढत नव्हता. लग्नानंतर वर्षभर तो फक्त शनिवार-रविवार यायचा, पाहुण्यासारखा. शेवटी माझं डोकं फिरलं. कायमचा येणार असशील तरच तोंड दाखव, असं मी त्याला सुनावलं. त्यानं खरंच दाखवलं नाही.

“मी नुसती माझ्या कराच्या विवरणपत्राची प्रत न्यायला आलोय,” तो म्हणाला. “कोराचं आधी होऊ दे.”

माझं नाव त्यानं अजून तसंच घेतलं, हलकेच. मी त्याच्याकडे पाठ करून खुर्चीत बसले.

टेबलामागच्या प्रुइटबाई निवृत्त शिक्षिका. दर वसंतात लोकांची करपत्रकं फुकट भरून देतात. लग्न झालंय का, त्यांनी विचारलं, मी झालंय म्हटलं. एकत्र भरणार की वेगवेगळं, विचारलं. वेगवेगळं, अगदी वेगवेगळं, म्हटलं. माझ्याकडे दाखवायला खर्च कसले? सगळ्यांना मिळते ती ठरावीक वजावट टाका आणि मला सोडा, असं सांगितलं.

बाईंनी चष्मा काढला. “नवऱ्यानं काय घेतलंय पोरी? ठरावीक वजावट, की तिच्याऐवजी खऱ्या खर्चांची यादी दिलीय?”

“मला काय ठाऊक?”

पाठीमागून खाकरण्याचा आवाज आला. “यादी… दिलीय. गेल्याच आठवड्यात.”

मग बाईंनी जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीतून उठलेच. नवरा-बायको वेगवेगळं भरत असतील आणि एकानं यादी दिली, तर दुसऱ्याला ठरावीक वजावट मिळतच नाही. त्यानंही यादीच द्यायची. यादी नसेल तर वजावट शून्य. आणि आमच्या राज्याच्या कराचं काय, विचारलं, तर म्हणे मिसूरीही त्याच वाटेनं जातं.

“पण आम्ही दोन वेगळ्या राज्यांत राहतो! एका टेबलावर जेवलो नाही अकरा महिने!”

“तरी लग्न एकच आहे ना,” बाई म्हणाल्या.

म्हणजे भांडायला आम्ही दोघं, अबोला धरायला आम्ही दोघं, आणि वजावटीच्या वेळी सरकारला आमचं एकमत हवं. एकमत असतं तर आम्ही असे दोन तीरांना राहिलो असतो का? माझ्या नवऱ्याशी मी बोलत नाही, आणि तो कागदावर काय लिहितो त्यानं माझं नुकसान होतं. मी हे सगळं मोठ्यानंच बोलले. रांगेतल्या लोकांनी माना खाली घातल्या.

एल्डन पुढे आला. “मी यादी मागे घेतो. तुझ्यासारखीच ठरावीक वजावट घेतो. माझं जाईल ते जाऊ दे.”

हा भलेपणा तर मला मुळीच सहन होईना. “उपकार नकोत. यादी दाखव.”

तो घुटमळला. बाईंनी त्याची प्रत काढून त्याच्या हातात दिली, ती मी ओढूनच घेतली. पहिलीच ओळ, घरकर्जाचं व्याज, सप्टेंबरपासूनचं. खाली घराचा पत्ता… रस्त्याच्या अलीकडचा. मिसूरीतला. माझ्या खोल्यांपासून चार गल्ल्यांवरचा.

“हे कुणाचं घर?”

“आपलं,” तो म्हणाला. “म्हणजे — तू आलीस तर.”

“सप्टेंबरपासून?”

“छप्पर गळत होतं. नीट करून मग सांगणार होतो.”

“सात महिने छप्पर?”

“संगीत शिकवतो गं मी.” त्यानं अंगठा पुढे केला. हातोडी बसून नख जांभळं पडलं होतं. मला तो अंगठा हातात घ्यावासा वाटला, म्हणून मी जास्तच चिडले.

“बँकेला सांगितलंस. सरकारला सांगितलंस. बायकोला सांगायला काय झालं होतं?”

“कायमचा आलो तरच तोंड दाखव म्हणालीस,” तो हळूच म्हणाला. “अजून पुरता आलो नव्हतो.”

तेवढ्यात भोंगा सुरू झाला. महिन्याचा पहिला बुधवार, सकाळचे अकरा. वादळाचा भोंगा दर महिन्याला असा तपासून बघतात. अलीकडचा वाजतो तसा पलीकडचाही वाजतो. मिनिटभर कुणालाच बोलता येत नाही. मी त्याच्याकडे बघत राहिले, तो माझ्याकडे. हा माणूस मला अजून हवा होता, अकरा महिने रोज हवा होता.

भोंगा थांबल्यावर प्रुइटबाई म्हणाल्या की मुदत अजून संपलेली नाही, दोघांनी मिळून एकच विवरणपत्रही भरता येतं. मग यादी दोघांचीच. त्यांनी नवीन विवरणपत्र पुढे सरकवलं. खाली दोन सह्यांच्या जागा होत्या, एकाखाली एक.

मी पेन उचललं. “सही करतेय म्हणजे राग गेला असं समजू नकोस.”

“नाही समजत.”

“शनिवारी सामान घेऊन येतेय. राग पण घेऊन येतेय. त्याला जागा कर.”

“केलीय,” एल्डन म्हणाला. “सगळ्यात मोठी खोली त्यालाच ठेवलीय.”