डुलक्याचा कान

पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करणं हा माझा धंदा. बिघाड असला की शोधल्यावर सापडतो, यावरच माझं पोट चालतं. त्यामुळे मागच्या खोलीची जमीन खिडकीच्या भिंतीकडे कललीय, असं बायको म्हणाली तेव्हा मी वाद घातला नाही. पाणसळ आणून फरशीवर ठेवली. बुडबुडा मधोमध होता, म्हणजे जमीन सरळच.

"बघ," मी म्हणालो.

तिने बघितलं आणि पलंगाची कड आणखी घट्ट धरली. "खिडकी तेवढी लावून घ्या," म्हणाली.

कानाचे डॉक्टर म्हणाले होते, तोल सांभाळणारा आतला कान बिघडलाय, हळूहळू येईल ताळ्यावर. पण ती उठली की भिंतीकडे ओढली जायची, पडायची. शेवटी तिने उठणंच सोडलं. दिवसभर घरात भिंगरीसारखी फिरणारी बाई अशी अंथरुणाला खिळलेली बघून माझ्या जिवाला घोर लागला. मेहुणी रोज येऊन घर सांभाळायची, पण तिलाही तिचा संसार होता.

माणसांचं पटत नाही तर यंत्राचं पटेल, असं मला वाटलं. सरळ जमिनीवर आपला तोल सांभाळून उभं राहणारं एक यंत्र मी दुकानात जुळवलं. प्लास्टिकचा उभट डबा, खाली दोन चाकं, दोन मोटरी आणि आत नखाएवढा सेन्सर. डबा कलला की सेन्सरला कळतं, त्या बाजूला चाकं पळतात आणि डबा पुन्हा उभा. सरळ म्हणजे किती, तेवढा एक आकडा त्याला आधी सांगून ठेवावा लागतो. सेन्सरला काय जाणवतंय ते माझ्या फोनवर दिसायचं. दुकानात पहिल्यांदा तो टेबलावरून गडगडला, तेव्हा खाली आदळेपर्यंत फोनवर वजन शून्य दिसलं. पडणाऱ्या वस्तूला वजन जाणवत नाही. त्यात नवल नव्हतं. मग तो उभा राहायला शिकला, जागच्या जागी डुलत.

मागच्या खोलीत नेऊन सोडला, तर सुरसुरत खिडकीच्या भिंतीवर जाऊन आदळला.

मी सेन्सर बदलला. पुन्हा तेच. दुकानात तासन्‌तास उभा, खोलीत आणला की भिंतीकडे. मी पुन्हा पाणसळ लावली, बुडबुडा मधोमधच. बायको मात्र कित्येक दिवसांनी हसली.

"याचाही कान बिघडला वाटतं. डुलक्या म्हणू या त्याला." मग म्हणाली, "खोली काही तुम्हाला सरळ करता येणार नाही. त्यालाच सांगा ना, हेच सरळ म्हणून."

मी आकडा बदलला. डुलक्या भिंतीपासून किंचित मागे रेलला आणि स्थिर उभा राहिला. ती एकटक बघत होती. मग तिने पाय खाली सोडले आणि उठली.

मला इतका आनंद झाला की पुढचं काही दिसलंच नाही. ती त्या खोलीत फिरू लागली, कपड्यांच्या घड्या घालू लागली, मला टोमणे मारू लागली. रोज सकाळी डुलक्या भिंतीकडे थोडा घसरायचा, मी आकडा थोडा वाढवायचो. तो आणखी मागे रेलायचा, तिच्यासारखाच.

"तू जमवलंस कसं?" मी एकदा विचारलं.

"तुम्ही त्याला सांगितलं, तसं मी स्वतःला सांगितलं."

मेहुणीने मला स्वयंपाकघरात गाठलं. "भावोजी, ताई ज्या कोनात उभी राहते, त्या कोनात माणूस उभा राहू शकत नाही."

"चालतेय ना ती? मग झालं तर," मी म्हणालो. त्या दिवशीही मी आकडा वाढवला.

दुसऱ्या दुपारी मी घराला लागूनच असलेल्या दुकानात होतो. मेहुणीने मागच्या खोलीची फरशी पुसली आणि लवकर वाळावी म्हणून खिडकी उघडली. ताई आता बरी आहे, असं मीच तिला सांगितलं होतं. ती बादली ओतायला गेली.

परत आली आणि तिने मला हाक मारली.

खोलीत कुणी नव्हतं, डुलक्याही नव्हता.

ओल्या फरशीवर पावलं होती, शेजारी दोन चाकांच्या रेघा. भिंतीपाशी पावलं थांबली नव्हती. भिंतीवरही होती. टाच, चवडा, पाच बोटं, अंतर सारखं. घसरल्याची खूण नाही. उंबरठ्यावर थांबावं तशी खिडकीच्या कडेला दोन्ही पावलं जुळली होती.

आमचं घर तळमजल्यावर. खिडकीबाहेर हातभर खाली अंगण, अंगणात दोरीवरचे कपडे. सगळं जागच्या जागी.

मी तिच्या नावाने ओरडलो. अंगणातून मेहुणी उलट मला विचारत होती, सापडली का म्हणून.

खिडकी आम्ही बंद केलेली नाही. मेहुणी फरशी पुसायला आत येत नाही, आणि मी पलंगाला धरून असतो.

डुलक्याचा सेन्सर अजून चालू आहे. फोनवर वजन शून्य दिसतं.

अजून आदळलेला नाही.