कृष्णकमळाचे बंध

नव्या कुंपणात ताईचा फायदाच फायदा होता, आणि तो मी तिला बोटांवर मोजून दाखवला. शेजाऱ्यांचा कुत्रा वाफे उकरायला येणार नाही. वाऱ्यानं कुजक्या फळ्या खडखडणार नाहीत. शिवाय शेजारीणबाईंना फटीतून आमच्या घरात डोकावायचं तर स्टूल आणावं लागेल. तोट्याच्या बाजूला एकच गोष्ट होती: जुन्या फळ्यांवर पसरलेली कृष्णकमळाची वेल. ती भाऊजींनी लावलेली. भाऊजी गेले तेव्हा त्यांच्या म्हणाव्यात अशा ताईकडे दोनच गोष्टी उरल्या, ही वेल आणि कपाटातला सदऱ्यांचा गठ्ठा. मी तिचा धाकटा भाऊ, नोकरी संपल्यावर तिच्याकडे राहायला आलेला. माझी गणना ती फायद्यात करते की तोट्यात, हे विचारायच्या फंदात मी पडलेलो नाही.

सुतारानं वेलीकडे पाहून मान हलवली. "ताई, गुडघ्याइतकी ठेवा आणि बाकीची छाटा. पुन्हा फुटेल."

"पुन्हा फुटेल ती दुसरी असेल. मला हीच हवी."

"मग पानं टाकेल हं. हलवलेल्या वेलीला धक्का बसतो. तो कुठून ना कुठून वसूल होतोच."

"माझ्याकडून घे म्हणावं तिला," ताई म्हणाली आणि हसली.

आम्ही सगळं रीतसर केलं. लहान रोपांवर टोपल्या पालथ्या घातल्या. सुताराच्या बुटांनी माती चेपू नये म्हणून वाफ्यांवर फळ्या टाकल्या. खड्ड्यातलं सिमेंटचं पाणी मुळांशी जाऊ नये म्हणून मध्ये प्लास्टिक पुरलं. वेलीच्या अलीकडे सुतारानं एक तात्पुरती लाकडी चौकट उभी केली. मग ताईनं वेलीचे तणावे एकेक करून फळ्यांवरून सोडवले. ओढायचे नाहीत, उलटे फिरवायचे. दोन दिवस ती तेच करत होती. नातवाची बोटं झोपेत सोडवावीत तशी.

वेल चौकटीला बांधायला सुतळी चालत नाही, देठ कापला जातो. मऊ, जुनं सुती कापड लागतं. ताईनं भाऊजींचे सदरे काढले.

"बघ, भाऊजी तुला यांच्या चिंध्याच करायला सांगायचे," मी म्हटलं.

"गप रे. कपाटात राहून तरी काय करणार होते?" तिनं निळ्या रेघांचा सदरा टर्रकन फाडला. "हा घालून ते मला पहिल्यांदा भेटायला आले होते. बाहीवर शाईचा डाग. सगळा वेळ हात मागे लपवून बसले, मला वाटलं हात दुखतोय." तिनं पट्टी देठाभोवती सैल बांधली. पुढचा सदरा, पुढची गोष्ट. असा माझ्या बहिणीचा संसार संध्याकाळपर्यंत चौकटीला बांधून झाला.

दुसऱ्या दिवशी वेलीनं एकही पान टाकलं नाही. मला खरं तर बरं वाटायला हवं होतं.

"शाईवाल्या पाहुण्यानं मान राखला म्हणायचा," मी चहा घेताना म्हटलं.

"कोण शाईवाला?"

मी गोष्ट सांगितली. तिनं मन लावून ऐकली, दुसऱ्या कुणाची ऐकावी तशी. "बिचारा," ती म्हणाली.

वय झालं की माणसं विसरतात. मीही चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो. तरी मी मागं जाऊन निळ्या रेघांची पट्टी पाहिली. पट्टी नव्हती. तिथं तणाव्यांची हिरवी गाठ होती, डावखुरी, उलटी ओवलेली. ताई तशी गाठ मारत नाही. भाऊजी मारायचे.

त्या दिवसापासून पट्ट्या एकेक करून दिसेनाशा झाल्या. वेल मात्र तरारली. ऊन डोक्यावर असतानाही तिच्याजवळ दाढीच्या साबणाचा वास यायला लागला. नवे खांब उभे राहत होते तेव्हा सुतार घाम पुसत मला म्हणाला, "तुमच्या घरातले ते काका बरोबर बोलले बरं का. खांब खरंच डावीकडे कलला होता."

"कुठले काका?"

"वेलीमागे उभे होते ते. दोनदा खाकरले, मग म्हणाले, 'ओळंबा लाव आधी.' मला वाटलं तुमचे मोठे भाऊ."

ताई शेजारीच टोपल्या झटकत होती. दोनदा खाकरून बोलायची भाऊजींची सवय तिनं आयुष्यभर सोसली होती, नक्कल करून मला हसवलंही होतं. तिनं वर पाहिलं नाही.

"ताई, ऐकलंस?"

"ऐकलं की. खांब सरळ झाला, बरं झालं."

कुंपण पुरं झालं. आता वेल चौकटीवरून काढून नव्या फळ्यांवर चढवायची होती, म्हणजे पुन्हा पट्ट्या. ताई कपाटातून शेवटचा सदरा घेऊन आली. पांढरा, कॉलर विरलेला. गेल्या वर्षापर्यंत तो ती उशाशी घेऊन झोपायची.

तिनं फाडायला धरला.

"हा नको."

"का? कुणाचा आहे?"

मी खोलीत गेलो आणि माझा बदामी सदरा काढला. मला नोकरी लागली तेव्हा भाऊजींनी शिवून दिलेला. केव्हाचाच अंगात बसेनासा झाला होता. मीच तो फाडला, मीच पट्ट्या बांधल्या. ताई देठ धरून उभी होती.

शेवटची गाठ मारताना पानांतून कुणीतरी दोनदा खाकरलं.

मग मला हाक आली.

नुसती हाक नाही. भाऊजींनी मला ठेवलेलं एक नाव होतं. चिडवायचं, लाडाचं. ते दुसऱ्या कुणी कधी घेतलं नाही.

मी वळलो.

पानं होती.

ताई म्हणाली, "काय झालं रे? कुणाला शोधतोयस?"

आता कुंपण ओळंब्यात उभं आहे. कुत्रा पलीकडे भुंकतो. वेलीनं एकही पान गमावलं नाही, उलट हंगाम नसताना फुलते आहे. पांढरा सदरा ताईनं घडी करून माझ्या कपाटात आणून ठेवला, "तुझा माझ्या कपड्यांत आला होता," म्हणाली. ती छान जेवते, छान झोपते. काल म्हणाली, वेलीमुळे स्वयंपाकघरात अंधार होतो, काढून टाकूया का.

मी नको म्हटलं. ती 'का?' विचारेल म्हणून कारण जुळवत बसलो. तिनं विचारलं नाही.

हिशेब लावला तर किंमत मोजली ती ताईनं, आणि ती मोजल्याचंही तिला ठाऊक नाही. माझ्याकडून फार काही गेलं नाही. हाक आली तेव्हा मी ताबडतोब वळलो होतो, म्हणजे त्या क्षणापर्यंत ते नाव मला येत होतं. आज सकाळपासून ओठांवर एकेक अक्षर आणून बघतोय.