नराच्या धाग्याची झोळी

चंद्राच्या पोटातल्या त्या लांबलचक बोगद्यात भांगेची रोपं डोक्याच्या वर गेली होती, आणि त्यांत औषधालासुद्धा नर नव्हता. सुहिताने गुणसूत्रवाचक पुन्हा एकदा लावून पाहिला. यंत्र बिघडलं असावं अशी तिला आशा होती. यंत्र ठणठणीत होतं.

भांग म्हटलं की पृथ्वीवरचे लोक डोळे मिचकावतात. या वस्तीत तिची नशा कुणाला ठाऊक नव्हती. कपडे, दोर, बियांचं तेल, सगळा संसार या एका झाडावर चालायचा. नियम एकच: नराला फुलं दिसली की तो उपटायचा. त्याचे परागकण सुटले की हवेच्या गाळण्या तुंबतात, आणि इथे खिडकी उघडून भागत नाही. बियाण्यापुरते दोनचार नर तेवढे काचेच्या खोलीत ठेवायचे. उपटलेल्या नरांचा धागा मऊ निघतो, म्हणून वस्तीतल्या प्रत्येक बाळाची पहिली झोळी त्याच धाग्याची विणायची पद्धत पडली होती.

आता सुहितालाच आठवा महिना लागला होता. मागावर विणणारी गोदामावशी रोज विचारायची, "धागा कधी देतेस गं?" वस्तीत येताच दुखण्यापायी तिचं गर्भाशय काढावं लागलं होतं, आणि तेव्हापासून ती दुसऱ्यांच्या बाळांवर जीव टाकत आली होती.

या बाळाकडे तर सगळ्यांचेच डोळे लागले होते. पहिल्या तुकडीत नुसत्या बायका आल्या होत्या, सोबत आणलेल्या गोठवलेल्या वीर्यकोशाच्या भरवशावर. तो कोश आता संपत आला होता. इतक्या वर्षांत मुली झाल्या, मुलगा एकही नाही. आता मुलगा झाला नाही, तर वस्तीची ही शेवटचीच पिढी. इथे जन्मलेल्या मुलींत सुहिता सर्वांत थोरली, आणि आई होणारी पहिली. तिने नावही ठरवून टाकलं होतं: मृगांक. पोटात काय आहे हे आधी सांगायचं नाही, हा पृथ्वीवरचा कायदा डॉक्टरआत्या इथेही कसोशीने पाळायच्या.

डॉक्टर प्रतिभा केळुसकरांना वस्तीतल्या साऱ्या मुली आत्याच म्हणत. सुहिता दवाखान्यात यायला टाळाटाळ करायची, म्हणून त्या रक्तदाब तपासायला बोगद्यातच आल्या होत्या.

"तोंड का उतरलंय?" त्यांनी विचारलं.

"नर मिळत नाही, आत्या. गेल्या वर्षी वीज गेली तेव्हा काचेच्या खोलीतले नर थंडीने मेले. त्याच धक्क्याने काही माद्यांना नरफुलं आली, आणि बी धरलं. मी म्हटलं, चला, वाचलो. पण त्या बियांची रोपं बघा. सगळ्या माद्या."

"योगायोग असेल."

"कसला योगायोग? मादीकडे दोन्ही गुणसूत्रं 'क्ष'. नराकडे एक 'क्ष', एक 'य'. नर जन्मायला 'य' लागतं, आणि ते नराकडूनच येतं. मादी उभयलिंगी झाली, नरफुलं फुलवली, तरी तिच्या परागात 'क्ष'च असणार. तिच्याकडे 'य' आहेच कुठे? परागदाता मादी असेल तर—"

सुहिताचं वाक्य तिथेच अडलं. तिचा हात आपसूक पोटावर गेला. डॉक्टरआत्या रक्तदाबाच्या पट्ट्याची गुंडाळी करत होत्या, आणि ती काही केल्या जमत नव्हती.

"आत्या, आम्ही सगळ्या मुलीच का झालो?"

"सांगितलंय की. किरणोत्सर्गाने 'य'वाले शुक्राणू मरतात."

"काही मरतील. झाडून सगळे नाही मरत. प्रत्येक बी मादीच निघालं, तर बियांना दोष द्यायचा नसतो. दाता बघायचा असतो."

डॉक्टरआत्या खाली बसल्या.

"तशीच वीज तेव्हाही गेली होती," त्या अखेर म्हणाल्या. "आम्ही नुकत्याच आलो होतो. वीर्यकोश वितळला, सगळा नासला. हे कळलं असतं तर सगळ्या हाय खाऊन मेल्या असत्या. म्हणून मी गप्प राहिले. त्वचेच्या पेशींपासून शुक्राणू घडवायची विद्या मला येत होती."

"कुणाच्या त्वचेच्या?"

"दुसरीची मागायची तर खरं सांगावं लागलं असतं. न विचारता घेता येईल अशी एकच बाई होती."

ताप आला की सुहिताच्या उशाशी बसणारी, अभ्यास चुकला की कान पिळणारी ही म्हातारी. लहानपणी ती बाबांबद्दल विचारायची, तेव्हा पृथ्वीवरच्या एका उंच, हसऱ्या माणसाच्या गोष्टी हीच सांगायची. सुहिताला संताप आला, आणि रडूही आलं.

"म्हणजे मी तुमची मुलगी. आम्ही सगळ्याच." मग तिने पोटाकडे बोट दाखवलं. "आणि हे? यातही तुम्हीच?"

"नाही, नाही गं. तुला माझं कसं चालेल?" डॉक्टरआत्या घाईने म्हणाल्या. "तुझ्यासाठी दुसरी हवी होती. गोदाच्या शस्त्रक्रियेच्या वेळच्या पेशी मी वीज न लागणाऱ्या शीतटाकीत जपून ठेवल्या होत्या. तिला विचारलं नाही. तो गुन्हाच आहे, मला ठाऊक आहे."

बोगद्याच्या भिंतीला धरून सुहिता विणकामाच्या खोलीपर्यंत गेली.

गोदामावशीने माग थांबवला. "सापडला का नर?"

"नाही. आता सापडणारही नाही."

"मग मादीच्याच धाग्याची विणू? खरखरीत होईल गं. बाळाला टोचेल."

सुहिताने तिचा हात ओढून पोटावर ठेवला. आतून जोरात लाथ बसली, आणि गोदामावशी खुदकन हसली. "भारी दांडगट आहे हो तुझा मृगांक."

"मुलगी आहे, मावशी," सुहिता म्हणाली. "तू आधी खाली बस. तिच्या बापाचं नाव सांगायला आलेय."