निळी झालेली कालवं

धाकट्या काकाला काहीही सांगा, तो आधी हसायचा. धक्क्यावरच्या घरच्या खानावळीत काल कच्ची कालवं खाऊन दोन पाहुणे ओकून ओकून आडवे झाले, तरी हा हसला. ऊन लागलं म्हणे. दोघं सावलीत बसले होते, असं पुतणीनं तोंडावर सांगितलं, तर म्हणाला, सुट्टीला आलात ना, मग पोहा, खेळा, मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नका.

ही पुतणी म्हणजे ताई. तेरा वर्षांची, आणि नाक खुपसण्यात घरात पहिली. तिच्यामागे दोन चुलतभाऊ, चष्मिस आणि टिल्ल्या. तिघांचा जीव टांगणीला लागला होता तो आजोबांपायी. आजोबा नुकते काविळीतून उठलेले, अजून पथ्यावर, आणि काकानं त्यांना कबूल केलं होतं की आज दुपारी कच्च्या कालवांची पहिली बशी तुमची. "लिंबू पिळलं की कालव शिजतंच," असं तो छातीठोकपणे सांगायचा. मग कालवांच्या रश्श्याखाली गॅस कशाला जाळता, असं चष्मिसनं विचारलं. काकानं त्याला कांदे सोलायला बसवलं.

कांदे सोलून होताच तिघं कालवं विकणाऱ्या मावशीकडे गेले. तिनं हातातली सुरी खाली ठेवली नाही, पण बोलली भडाभडा. कालव दिवसभर पाणी गाळतं, त्यातली घाण त्याच्या पोटात साचते. स्वच्छ पाण्यातलंसुद्धा ती स्वतः कच्चं खात नाही. लिंबानं चव येते, जंतू मरत नाहीत. आणि यकृत कमजोर असलेल्या माणसाच्या तर एक कच्चं कालवही जिवावर बेतू शकतं. शेवटी म्हणाली, मी बर्फात देते आणि बर्फातच ठेवा म्हणून बजावते.

"बर्फ?" टिल्ल्या म्हणाला. "काका तर टोपली पाण्यातून ओढतो."

धक्क्याखाली वाकून पाहिलं, तर खरंच टोपली दोरीनं पाण्यात सोडलेली. जिवंत म्हणजे ताजं आणि ताजं म्हणजे चांगलं, हे काकाचं गणित. शिवाय पाहुण्यांसमोर टोपली ओढली की टाळ्या पडायच्या. टोपलीपासून दोन हातांवर, फळ्यांआड, एक फुटका पाइप होता. खानावळीच्या संडासात कुणी पाणी सोडलं की त्यातून धार लागायची. तिघांनी नाकं दाबली.

ताईनं जाऊन काकाला सांगितलं. तो पाइप कधीचाच बंद आहे, काका म्हणाला, आणि समुद्र एवढा मोठा, त्यात थेंबभर पाण्यानं काय होतंय.

मग तिघांनी सगळ्यांसमोर दाखवूनच द्यायचं ठरवलं. चष्मिसनं धोबिणीकडून निळीची बाटली मागून आणली. दुपारी बाकं भरली, आजोबा मांडीवर रुमाल पसरून बसले, तेवढ्यात टिल्ल्या पोट धरून संडासात पळाला. अख्खी बाटली ओतली, वर चार बादल्या पाणी.

काकानं ऐटीत दोरी ओढली. टोपली वर आली ती निळीशार, शिंपल्यांवरून निळे ओघळ वाहत होते. टाळी एकही पडली नाही.

"ही नीळ आम्ही आत्ता संडासात ओतली," ताई उभी राहून म्हणाली. "आजोबा, यातलं काही खाऊ नका."

आजोबांनी रुमालाची घडी केली. आजी उठली. ही खानावळ तिनं उभी केलेली, शाळा मात्र दुसरीपर्यंतच. तिनं पाहुण्यांची माफी मागितली, टोपली खड्डा खणून पुरायला लावली, कालच्या दोघांकडे डॉक्टर धाडला. मुलांना जवळ घेऊन म्हणाली, हे माझं काम होतं, ते तुम्ही केलंत. मग ती काकाकडे वळली.

"आधी तो पाइप स्वतःच्या हातानं सांध. मग मावशीसमोर बसून शीक. कालव उकळत्या पाण्यात टाकायचं, शिंपला उघडला की वर आणखी पाच मिनिटं उकळायचं, न उघडेल ते फेकायचं. तोवर स्वयंपाकघर माझं. बापाच्या पोटात विष घालायला निघाला होतास तू. आजच्या घडीला तुझ्या हातचं मी पाणीसुद्धा पिणार नाही."